परदेशी स्पर्धेचं तिकीट कोण काढतं?

दर वर्षी एकदा तरी ही बातमी वाचायला मिळते. जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीची परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झालेली असते, पण जायला पैसे नसतात. मग आईचे दागिने गहाण पडतात किंवा गाव वर्गणी काढतं. त्याच आठवड्यात दुसरी बातमी येते : ऑलिम्पिकच्या तयारीवर सरकारनं शेकडो कोटी खर्च केले. वाचणारा चक्रावतो. सरकारकडे एवढा पैसा आहे, तर या मुलीचं तिकीट का निघत नाही?

दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या कशा, हे कळण्यासाठी सरकारचा पैसा तिजोरीतून निघाल्यापासून विमानतळापर्यंत कोणत्या वाटेनं जातो, ते पाहू. पण आधी, हा पैसा ज्याला लागतो तो हौशी खेळाडू कोण, ते ठरवू.

१. हौशी खेळाडू म्हणजे नेमका कोण?

ऑलिम्पिकच्या जुन्या नियमांत हौशी म्हणजे खेळातून एक पैसाही न कमावणारा. हा नियम फार कडक होता. अमेरिकेच्या जिम थॉर्पनं १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. कारण काय, तर त्यापूर्वी तो थोडक्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. घरची गडगंज श्रीमंती असलेल्यांना हा नियम सोयीचा होता. बाकीच्यांची अडचण व्हायची. पुढे तो सैल होत गेला आणि १९८६ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना ऑलिम्पिकमध्ये घ्यायचं की नाही, हे ठरवण्याची मुभा प्रत्येक खेळाच्या जागतिक संघटनेला मिळाली.

नियम गेला, परिस्थिती राहिली. क्रिकेट आणि आणखी दोन-चार खेळ सोडले, तर आपल्याकडे बहुतेक खेळांत तिकीटविक्री नाही, टीव्हीचा पैसा नाही, लिलाव नाही. सराव मात्र दिवसभराचा. खेळातून पोट भरत नाही आणि खेळामुळे दुसरं काही करायला वेळ उरत नाही, असा जो खेळाडू, तो आजचा हौशी. यावर आपल्याकडे निघालेला जुना तोडगा म्हणजे सरकारी नोकरी. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होता. तीन हजार मीटर स्टीपलचेस धावणारा बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात आहे. पगार चालू, सरावाला सवलत, स्पर्धेला विशेष रजा. खेळासाठीच्या कोणत्याही योजनेत ही रक्कम दिसत नाही, पण अनेकांच्या घरची चूल तिच्यावरच चालते.

नोकरीनं घर चालतं, पण परदेश दौऱ्याचा खर्च पगारातून भागत नाही.

२. वर्गणीचा काळ

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारतातून पहिला संघ गेला, तेव्हा सर दोराबजी टाटांनी पदरमोड केली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली होती. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. १९३२ मध्ये हॉकी संघ लॉस एंजेलिसला निघाला, तेव्हा खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी ध्यानचंद आणि मंडळींना ठिकठिकाणी प्रदर्शनी सामने खेळावे लागले.

स्वातंत्र्यानंतरही चित्र फारसं बदललं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. तिथे ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं ठरलं, तेव्हा पुन्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावानं आणि परिसरानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? फडात कुस्त्या धरल्या आणि त्यातून मिळालेल्या पैशांनी प्राचार्यांचं घर सोडवलं.

ही गोष्ट महाराष्ट्रात अभिमानानं सांगितली जाते. हिशेबाच्या अंगानं पाहिलं, तर देशाच्या पदकाचा खर्च आधी एका शिक्षकाच्या घरावर आणि मग खेळाडूच्या पाठीवर पडला, असा तिचा अर्थ निघतो.

३. आता पैसा कुठून निघतो?

आज केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाकडे यासाठी ठरलेल्या वाटा आहेत. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे राष्ट्रीय क्रीडा महासंघांना दिली जाणारी मदत. प्रत्येक खेळाचा एक मान्यताप्राप्त महासंघ असतो. तो वर्षभराचं वेळापत्रक तयार करतो : सराव शिबिरं किती, परदेशी स्पर्धा कोणत्या, खेळाडू किती, प्रशिक्षक किती, खर्च किती. त्याला 'प्रशिक्षण आणि स्पर्धांचं वार्षिक वेळापत्रक' म्हणतात. क्रीडाक्षेत्रात सर्रास 'एसीटीसी' या इंग्रजी आद्याक्षरांनीच त्याचा उल्लेख होतो. मंत्रालय आणि भारतीय क्रीडा प्राधिकरण, म्हणजे 'साई', ते तपासतात, काटछाट करतात आणि मंजुरी देतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महासंघांच्या मदतीसाठी ४०० कोटी रुपये ठेवले गेले. सगळ्या खेळांना सारखं माप नसतं. उच्च प्राधान्य, प्राधान्य आणि सर्वसाधारण अशा प्रतवाऱ्या असतात आणि त्यानुसार हात सैल किंवा आखडता होतो.

ही व्यवस्था कालव्यासारखी आहे. धरणात पाणी असतं, पण ते कोणत्या चारीला कधी सोडायचं, हे पाळी ठरवताना नक्की होतं. पाणी मागण्याचा सात नंबरचा अर्ज वेळेत भरलेला नसेल, तर शेत कालव्याला लागून असूनही कोरडं राहतं. अर्ज भरलेला असला, तरी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेलच असं नाही. एसीटीसी म्हणजे ही पाळी. तुमची स्पर्धा त्या वेळापत्रकात असेल आणि महासंघानं तुमचं नाव त्या स्पर्धेच्या यादीत घातलेलं असेल, तर पैसा येतो. स्पर्धा वेळापत्रकाबाहेरची असेल, तर गुणवत्ता असूनही वाट बंद.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मदत मिळते ती महासंघाच्या कार्यक्रमाला. खेळाडूच्या नावानं अशी वेगळी रक्कम निघत नाही. महासंघानं आधीच्या रकमेचा हिशेब, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, दिल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही. कार्यालयात कागद अडला, की मैदानावर खेळाडू अडतो.

४. एका दौऱ्याचा हिशेब

आकड्यांत पाहू. समजा, एक बॅडमिंटनपटू युरोपात दहा दिवसांत दोन लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळणार आहे. पुढचे आकडे केवळ अंदाज यावा म्हणून धरलेले आहेत :

विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट – ८०,००० रुपये
व्हिसा आणि विमा – १५,०००
दहा दिवसांचा मुक्काम, रोज ७,००० प्रमाणे – ७०,०००
जेवणखाण, रोज ३,००० प्रमाणे – ३०,०००
दोन शहरांमधला आणि स्थानिक प्रवास – १५,०००
प्रवेश शुल्क, तारा ओवणं, शटल – २०,०००

एकूण २ लाख ३० हजार. प्रशिक्षक सोबत आला आणि त्याच खोलीत राहिला, तरी त्याचं तिकीट, व्हिसा, जेवण, प्रवास मिळून आणखी दीड लाखाच्या आसपास धरा. म्हणजे ३ लाख ८० हजार. म्हणून पुष्कळ तरुण खेळाडू परदेशात प्रशिक्षकाशिवाय उतरतात आणि गेममधल्या विश्रांतीत प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी असते.

बॅडमिंटनची जागतिक क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांच्या गुणांवर ठरते. एका दौऱ्यात दोन स्पर्धा धरल्या, तर दहा स्पर्धांसाठी पाच दौरे लागतात. एकटीनं गेली, तरी वर्षाला साडेअकरा लाख. भारतात होणाऱ्या स्पर्धांमुळे यातला एखाद-दुसरा दौरा वाचेल, पण आकडा सामान्य घराच्या आवाक्यात येत नाही. इतर खेळांत सामानाचीही भर पडते. पोल व्हॉल्ट करणाऱ्याला चार-पाच मीटर लांबीचे पोल विमानात चढवायचे असतात. नेमबाजाला रायफल आणि काडतुसांची कागदपत्रं सांभाळायची असतात.

५. यादीत नाव आलं, की

२०१४ मध्ये केंद्रानं 'टॉप्स' ही योजना सुरू केली. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकमध्ये पदकाची शक्यता असलेले खेळाडू हेरायचे आणि त्यांच्यावर स्वतंत्र लक्ष द्यायचं, असा तिचा हेतू. पैसा येतो राष्ट्रीय क्रीडा विकास निधीतून. हा निधी १९९८ मध्ये स्थापन झाला. त्यात सरकार भर घालतं आणि कंपन्या देणग्या देतात, देणगीवर करसवलतही मिळते. कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं आणि कोणत्या प्रस्तावाला पैसे द्यायचे, हे 'मिशन ऑलिम्पिक सेल' नावाची समिती ठरवते.

या योजनेचं वेगळेपण असं, की खेळाडू थेट प्रस्ताव देऊ शकतो : मला अमुक देशात सरावाला जायचं आहे, फिजिओ सोबत हवा आहे, हे उपकरण हवं आहे. मुख्य गटातल्या खेळाडूला दरमहा ५०,००० रुपये हातखर्च मिळतो, विकास गटातल्याला २५,०००. परदेशी सरावाचा खर्च वेगळा. अविनाश साबळे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर सराव करू शकला, तो अशाच पाठबळामुळे.

स्वप्नील कुसाळेची वाटचाल पाहिली, तर ही साखळी पूर्ण दिसते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा २००९ च्या सुमारास राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तिथे त्यानं नेमबाजी निवडली. मधल्या काळात पुण्याच्या 'लक्ष्य' या खासगी संस्थेचं सहाय्य मिळालं. २०१५ मध्ये रेल्वेची नोकरी लागली. मग राष्ट्रीय संघ, महासंघाचे दौरे, टॉप्स आणि शेवटी १ ऑगस्ट २०२४ चं ते कांस्यपदक. राज्य, खासगी संस्था, नोकरी, महासंघ, केंद्र : पाच कड्या, पंधरा वर्षं. यातली एखादी कडी वेळेवर जुळली नाही, म्हणून मागे राहिलेल्यांची नावं कोणत्याही यादीत नसतात.

६. नावावरचा पैसा आणि हातातला पैसा

पॅरिस ऑलिम्पिकच्या तयारीच्या काळात सरकारनं सुमारे ४७० कोटी रुपये खर्च केल्याचं जाहीर झालं. त्यात ॲथलेटिक्सचा वाटा सर्वांत मोठा, ९६ कोटींच्या वर; बॅडमिंटनचा ७२ कोटी. पॅरिसला गेलेले भारतीय खेळाडू ११७. साधा भागाकार केला, तर प्रत्येकी चार कोटी येतात आणि पदकं आली सहा. मग लोक विचारतात, एवढे पैसे घेऊन यांनी केलं काय?

हा भागाकार फसवा आहे. ४७० कोटींत पॅरिसला न पोचलेल्या खेळाडूंची शिबिरं आहेत, परदेशी प्रशिक्षकांचे पगार आहेत, ज्या दौऱ्यांतून निवड झाली ते सगळे दौरे आहेत. ११७ ही संख्या गाळणीतून खाली उतरलेल्यांची. खर्च गाळणीत घातलेल्या सगळ्यांचा.

यावरून एक जाहीर वादही झाला. दुहेरीतली बॅडमिंटनपटू अश्विनी पोनप्पा हिच्या नावावर टॉप्समधून साडेचार लाख आणि एसीटीसीमधून सुमारे १ कोटी ४८ लाख असा खर्च प्रसिद्ध झाला. आकडे छापून आल्यावर अश्विनीनं जाहीरपणे सांगितलं, की मला एवढी वैयक्तिक मदत मिळालेली नाही, माझ्या प्रशिक्षकाला सोबत नेण्याची मागणीसुद्धा मान्य झाली नाही. हा खर्च राष्ट्रीय शिबिराचा असेल, तर तो शिबिरातल्या सगळ्यांचा आहे.

कोण खरं, हा प्रश्न इथे गौण आहे. शिबिरातल्या खोलीचं भाडं, शटलच्या पेट्या, संघाची तिकिटं यांचा वाटा खेळाडूच्या नावावर मांडला, की कागदावर दीड कोटी दिसतात. खेळाडू मात्र मोजते ते तिनं मागितलेलं किती मिळालं. हिशेबाच्या या दोन वह्या आहेत आणि पहिल्या वहीतला आकडा जसाच्या तसा दुसऱ्या वहीत शोधणं व्यर्थ आहे.

७. परवानगी आहे, पैसे नाहीत

सरकारी मंजुरीचा एक प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. खेळाडूला किंवा संघाला स्पर्धेला जायची परवानगी मिळते, पण 'शासनावर कोणताही आर्थिक भार न पडता' या अटीवर. म्हणजे भारताचं नाव वापरा, तिकीट तुमचं तुम्ही काढा. वर्तमानपत्रात 'निवड झाली, पण पैसे नाहीत' असं आपण वाचतो, तेव्हा अनेकदा मामला हाच असतो. कधी तर स्पर्धा भरवणारी संघटनाच मान्यताप्राप्त नसते. तिथे सरकारी मदतीचा प्रश्नच येत नाही, आणि हे खेळाडूच्या घरच्यांना पैसे भरून झाल्यावर कळतं.

दुसरी चाळणी क्रमवारीची. मोठ्या स्पर्धांना संघ पाठवताना आशियात पहिल्या आठांत असण्याचा निकष लावला जातो. याच निकषामुळे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेसाठी भारतीय फुटबॉल संघाची वाट अडली होती. बराच गाजावाजा झाल्यावर खास सवलत देऊन संघ पाठवला गेला. फुटबॉलचा आवाज दिल्लीपर्यंत पोचतो. लहान खेळांचा पोचत नाही.

तिसरी अडचण महासंघाच्या भांडणांची. कुस्ती महासंघाची निवडणूक रखडली म्हणून जागतिक कुस्ती संघटनेनं त्याला ऑगस्ट २०२३ मध्ये निलंबित केलं. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या मल्लांना तिरंग्याविना, तटस्थ म्हणून उतरावं लागलं. कुस्तीगीर अंतिम पंघाल हिनं तिथे कांस्यपदक मिळवलं, पण देशाच्या नावावर ते लागलं नाही. वाट महासंघातून जात असल्यामुळे महासंघ आजारी पडला, की खेळाडूला ताप येतो. महासंघांच्या मान्यतेसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ असावं, अशी तरतूद २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात आहे, ती याच अनुभवातून.

८. इतर देश काय करतात?

अमेरिकेत ऑलिम्पिक समितीला सरकारकडून नेहमीचं अनुदान मिळत नाही. कंपन्या, देणग्या, प्रक्षेपणाचे हक्क आणि विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या यांवर तिथला डोलारा उभा आहे. त्यामुळे तिथेही कमी लोकप्रिय खेळांतले खेळाडू नोकरी करून लोकांकडे मदत मागताना दिसतात.

ब्रिटननं दुसरी वाट धरली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं आणि पदकतक्त्यात त्यांचा छत्तिसावा क्रमांक लागला. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळाडूंकडे वळवण्यात आला आणि नियम ठेवला, की पदकाची शक्यता असेल तिथेच पैसा. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्रिटननं २९ सुवर्णपदकं मिळवून तिसरं स्थान गाठलं. पण याच नियमानं २०१४ मध्ये बास्केटबॉलची मदत बंद झाली, आणि हा तिथल्या सर्वसामान्य घरांतल्या मुलांचा आवडता खेळ. पदक हे एकच माप लावलं, की पदकं वाढतात आणि काही खेळ दारातून बाहेर जातात. टॉप्सची घडण ब्रिटनच्या या विचाराला जवळची आहे, म्हणून तिचे फायदे-तोटेही त्याच जातीचे.

९. पेच नेमका कुठे आहे?

आता सगळे तुकडे एकत्र ठेवू. यादीत यायला क्रमवारी लागते. क्रमवारीला परदेशी स्पर्धा लागतात. परदेशी स्पर्धेला पैसा लागतो. आणि पैसा यादीत आल्यावर मिळतो. अगदी वरच्या खेळाडूला आज खाशाबांसारखं कोणाचं घर गहाण टाकावं लागत नाही; तेवढा पल्ला आपण नक्की गाठला आहे. तो बोजा एक पायरी खाली सरकला आहे. सोळा ते वीस वर्षांचा, राष्ट्रीय पातळीवर चमकलेला, पण जागतिक यादीत अजून न आलेला खेळाडू आज त्याखाली आहे.

अशा खेळाडूनं काय करावं? स्पर्धा मान्यताप्राप्त महासंघाच्या वेळापत्रकात आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. मंजुरी सरकारी खर्चानं आहे की आर्थिक भार न टाकण्याच्या अटीवर, हे पाहावं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे राज्याच्या मदतीची चौकशी निवडपत्र हातात येताच करावी, परत आल्यावर नव्हे. हलाखीतल्या खेळाडूंसाठी केंद्राचा पंडित दीनदयाळ उपाध्याय कल्याण निधी आहे, तिथे अर्ज करता येतो. बोर्डिंग पासपासून हॉटेलच्या बिलापर्यंत प्रत्येक चिटोरं जपावं, कारण परतावा त्यावरच मिळतो.

आणि सरकारनं? केंद्राच्या बक्षीस योजनेत ऑलिम्पिक सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० लाख आणि कांस्याला ३० लाख मिळतात. राज्यं त्यावर आपापली बक्षिसं जाहीर करतात. जिंकून आलेल्याला मान मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. पण वरच्या हिशेबानं एका कांस्यपदकाच्या रकमेत तेरा तरुण खेळाडूंचा एकेक दौरा होतो. प्रशिक्षक सोबत पाठवला, तर सात जणांचा. बक्षिसाचे पैसे पदक मिळाल्यावर खर्च होतात. दौऱ्याचे पैसे खर्च झाले तरच पुढच्या पदकाची शक्यता तयार होते. प्रत्येक राज्यानं एका कांस्यपदकाच्या बक्षिसाएवढ्या रकमेचा एक वेगळा निधी ठेवला, त्यातून पहिल्या दोन-तीन दौऱ्यांची रक्कम परतावा म्हणून न देता निघण्यापूर्वी हातात दिली, आणि निवड महासंघासोबत एखाद्या तटस्थ समितीनं केली, तर ऑलिम्पिकच्या तयारीवरच्या शेकडो कोटींना फारसा धक्का न लावता हा पेच बराचसा सुटेल.